पाच खणांची पेटी

"मॅडम, सकाळी बटन दाबलं तवापासून रडूनच राहिली थे," सुमनमावशी दारातच म्हणाली. "मी काहीच नाही केलं तिले."

"मी काही विचारलं तरी का अजून?" चपला काढता काढता मी म्हटलं. माझा स्वभाव तेव्हाही असाच होता, आधी बोलायचं आणि मग बघायचं.

दसऱ्याचा दुसरा दिवस होता. चुलतभावाच्या साखरपुड्यासाठी तीन दिवस नागपूरला होते, तिथून सकाळच्या एसटीनं थेट लायब्ररीतच आले. खांद्यावरची पिशवीही उतरवली नव्हती. आतल्या खोलीतून टीं-टीं-टीं असा एकसुरी आवाज येत होता. तो आवाज मी चार वर्षांत एकदाच ऐकला होता. पेटी बसवायला आलेल्या माणसानं "असं वाजलं की समजायचं, मॅडम" म्हणून मुद्दाम वाजवून दाखवला होता, तेव्हा.

आमची लायब्ररी म्हणजे अमरावतीत एका जुन्या शाळेच्या मागच्या चार खोल्या. अंध वाचकांसाठी बोलती पुस्तकं तयार करायची. वाचायला येणारी माणसं हौशी, कुणी शिक्षिका, कुणी निवृत्त पोस्टमास्तर. छोट्या बंद खोलीत बसून ती पुस्तक वाचायची, आम्ही ते ध्वनिमुद्रित करायचो, आणि मग बाहेरच्या सहा टेबलांवर कानाला हेडफोन लावून लोक ऐकायचे. मी तिथली संगणकवाली. चारशे बारा पुस्तकं होती, आणि ती सगळी त्या पाच खणांच्या पेटीत होती. प्रत्येक खणात एक डिस्क. दांडा ओढला की डिस्क ट्रेसकट सरळ हातात.

त्या पेटीत माझी आईही होती.

मी आत गेले आणि दारातच थबकले. पाचही ट्रेच्या दांड्यांवर हळद-कुंकवाची बोटं उमटली होती. एकावर झेंडूची पाकळी चिकटली होती. पेटीच्या पडद्यावर लिहून आलं होतं की ओळखीची एकही रचना सापडत नाही.

"मावशी, ह्या बाहेर काढल्या होत्या?"

सुमनमावशी पदराला हात पुसत राहिली. "खंडेनवमी होती ना मॅडम. मागल्या साली तुम्ही होत्या, त बाहेरूनच हार घातला. यंदा म्हटलं, वर्षभर राबते बिचारी, सारी पुस्तकं सांभाळते, तिले नीट पुसावं. बंद करून, वायर काढून, मंगच काढल्या. ओला फडका नाही लावला, तुमची आन. कोरड्यानं पुसल्या, पाटावर मांडल्या, हळद-कुंकू वाह्यलं, नारळ फोडला."

"आणि परत ठेवताना? जी जिथून काढली तिथंच ठेवली ना?"

"ठेवल्या की."

"मावशी."

"थे... पाटावर गोल मांडल्या होत्या. मधात दिवा. मंग उचलल्या तश्या घातल्या. पाचीच्या पाची सारख्याच त हायेत, मॅडम. त्याहीले काय आपला-परका खण कळते?"

कळतं. हेच तर सगळं दुखणं होतं. आताच्या पेट्या हुशार असतात, कुठलीही डिस्क कुठेही घाला, त्या आपापलं ओळखतात. आमची जुनी होती. तिला खणांच्या क्रमावरूनच कळायचं की कुणाकडे काय ठेवलं आहे. आणि मी शहाणीनं चार वर्षांत त्या ट्रेंवर साधे आकडेसुद्धा लिहिले नव्हते. कोण काढणार आहे त्या, म्हणून.

"अजून काही सांगायचं राहिलंय का?"

तिनं मान खाली घातली. "एक हातातून सुटली. लय उंचावरून नाही जी. पाटावरून फरशीवर. सांगू का नोको असं झालं मले दोन दिवस. झोप नाही लागली."

 तोंड उघडलं असतं तर फार बोलले असते. मी खुर्चीवर बसले आणि आधी तो टीं-टीं आवाज बंद केला.

ही पेटी आली तेव्हा राजूरकर काकांनी मला तासभर छळलं होतं. काका आमचे तपासनीस. जन्मांध, पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजला ऑपरेटर होते, निवृत्तीनंतर रोज लायब्ररीत. ध्वनिमुद्रित झालेलं प्रत्येक पुस्तक आधी काका ऐकणार, चुका काढणार, नको ते कापणार, मगच ते वाचकांना मिळणार. त्यांना काहीही समजल्याशिवाय पुढं जाता येत नसे.

"एका मोठ्या डिस्कवर सगळं ठेवलं तर काय बिघडतं?" त्यांनी विचारलं होतं.

"तीच बिघडते, काका. आज ना उद्या बिघडतेच. म्हणून पाच घ्यायच्या. समजा, चौघींना मी एकेक आकडा सांगितला आणि पाचवीला चौघींच्या आकड्यांची बेरीज सांगितली. आता चौघींतली एक निघून गेली. बेरजेतून उरलेल्या तिघींचे आकडे वजा करा. गेलेलीचा आकडा मिळाला की नाही?"

"आणि बेरीजवालीच गेली तर?"

"पुन्हा बेरीज करायची. आणि ती एकीच्याच गळ्यात बांधत नाहीत. आळीपाळीनं पाचहीजणींकडे असते."

"मग सहा जण एकदम ऐकायला बसले की पुस्तक अडखळतं ते?"

"तेही नाही अडखळणार. लग्नाच्या पोळ्या एकटी लाटत बसली तर पंगत खोळंबते ना? इथं पाच जणी एकदम लाटतात."

काकांनी हात पुढं करून पाचही दांडे चाचपले होते. "पाच पोरी," ते म्हणाले. "बरं, दोघी गेल्या तर?"

"दोघी एकदम कशाला जातील, काका? उगीच टेन्शन घेता तुम्ही."

ते टेन्शन त्यांनी सोडलं नाही. दोन वर्षं माझ्या मागं लागले होते की बेटा, सगळं डीव्हीडीवर काढून माझ्या घरी ठेव. मी दर वेळी म्हणायचे, "एक गेली तरी काही होत नाही, किती वेळा सांगू?" पेटी म्हणजे दुसरी प्रत नव्हे, हे आमच्या संगणकाच्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात लिहिलेलं असतं. मला ते पाठ होतं. कंटाळा केला, दुसरं काय.

आईबद्दलही तोच कंटाळा. नाही, कंटाळा नव्हे, ते खोटं होईल.

आई भूगोलाची शिक्षिका, कमलिनी धर्माळे. निवृत्तीनंतर आमच्याकडे एकसष्ट पुस्तकं वाचली तिनं. आधीची कॅसेटवर आणि दुसऱ्या शहरांतल्या लायब्रऱ्यांतही गेलेली, पण ती सगळी क्रमिक पुस्तकं, नद्या आणि खनिजं. शेवटचं पुस्तक तेवढं वेगळं होतं. एका बाईनं एकटीनं पायी केलेल्या प्रवासाचं. ते तिनं हट्टानं मागून घेतलं होतं. तेव्हा तिला बोलताना धाप लागायची. "थोडा दमा आहे," एवढंच ती सांगायची. तेव्हा लायब्ररीतलं माझं काम सकाळचंच असायचं. दुपारी दोन वाजता मी तिला स्कूटीवरून तिथं सोडायची, मग एका शाळेत शिकवायला जायची आणि चार वाजता तिला न्यायला यायची. म्हणजे चारला येते म्हणायची आणि पावणेपाचला पोचायची. ती कधीही आत नसायची. बाहेर पिंपळाखालच्या बाकावर, मांडीवर पर्स, बसलेली. मला वाटायचं, ही मुद्दाम बसते, मला किती उशीर झाला ते दाखवायला.

एकदा रस्त्यातच मी भडकले. "घरी काही विचारलं की हातानं खुणा करतेस. बोलायला दम लागतो म्हणतेस. आणि तिथं परक्या लोकांसाठी दोन-दोन तास वाचतेस! सगळा आवाज तिथंच संपवायचा असेल तर राहा तिथंच."

आई मागून म्हणाली, "हळू चालव."

तेवढंच म्हणाली. तेवीस दिवसांनी ती गेली. फुप्फुसं पार आक्रसली होती, हे मला डॉक्टरकडून शेवटच्या आठवड्यात कळलं.

ते शेवटचं पुस्तक तिनं पुरं केलं होतं. ऐकणारे येऊन सांगायचे, ताईंनी काय वाचलंय हो, एकदाही अडखळत नाहीत, एक श्वाससुद्धा जड नाही. मला तेच सहन व्हायचं नाही. माझ्याशी बोलायला दम नव्हता आणि तिकडं एक श्वास जड नाही! आणि तरी मला तो आवाज हवा होता. इतका हवा होता की ती फाइल कुठल्या कप्प्यात आहे ते डोळे मिटून सांगितलं असतं. तिच्या दर वाढदिवसाला ठरवायची, आज ऐकू. मग म्हणायची, राहू दे, पेटीत आहे, सुरक्षित आहे, पळून कुठं जाते. अशी साडेतीन वर्षं गेली.

साडेदहाच्या सुमारास राजूरकर काका आले. हातात आपट्याची पानं. "सोनं घे बेटा," म्हणून हात पुढं केला आणि तिथंच थांबले. "पेटी का बंद आहे?"

मी सांगितलं. सुमनमावशीनं रडायला सुरुवात केली. काकांनी तिला, "रडू नको, पाणी आण," म्हणून कामाला लावलं आणि मला विचारलं, "म्हणजे नेमकं अडलंय काय?"

"क्रम. पाच डिस्क मांडायच्या एकशे वीस तऱ्हा होतात. एकच बरोबर. चुकीच्या क्रमानं जबरदस्ती सुरू केली तर पेटी आपल्या अकलेनं बेरजा दुरुस्त करायला लागते, आणि खरं होतं ते पुसून टाकते. त्यातून एक पडलेली. ती गेली असं धरलं तरी चौघी जागच्या जागी बसल्या तर सगळं परत मिळेल. पण कुणाची जागा कुठली, कसं कळणार? दिसायला पाची सारख्या."

"दिसायला," काका म्हणाले. "मला कुठं दिसतं? आण त्या इकडं."

मला आठवलंच नव्हतं बघा. चार वर्षं रोज सकाळी आल्या आल्या काका पेटीपाशी जायचे आणि एकेका दांड्यावर हात ठेवून उभे राहायचे. कोण तापली आहे, कोण थरथरते आहे, ते बघायचे. "पोरींची नाडी बघतो," म्हणायचे. उन्हाळ्यात कूलरचं पाणी संपलं की आम्हाला घाम फुटायच्या आधी त्यांना दांड्यावरून कळायचं. मी हसायची त्यांना.

मी वीज काढली, पाचही ट्रे टेबलावर ठेवले. काकांनी पहिला उचलला, कडेनं बोट फिरवलं. "ही तिसरी. हिचा खटका सैल आहे, पहिल्यापासून." दुसरा. "ही पहिली. इथं दांड्याखाली प्लास्टिकचा टवका गेलाय, पेटी आणली त्या दिवशीच गेला होता." एकाला त्यांनी नुसता तळवा लावला, "चौथी, हिला स्क्रू उंच बसलाय." चौथा ट्रे उचलून त्यांनी कानाशी नेला आणि हळूच हलवला. आत काहीतरी खुळखुळलं. "ही दुसरी होती. हीच पडली. उरली ती पाचवी."

"काका, नक्की ना? चुकलं तर सगळं जाईल."

"तू सुमनला तोंडावरून ओळखतेस ना? तेव्हा कुणी विचारतं का तुला, नक्की ना म्हणून?"

मी चार डिस्क त्यांनी सांगितल्या तशा घातल्या. दुसरा खण रिकामा ठेवला. बटण दाबलं. सुमनमावशीनं हात जोडले, आणि खरं सांगते, माझेही मनातल्या मनात जोडले गेले. पंखे फिरले. एक हिरवा, रिकाम्या खणाशी पिवळा, मग हिरवा, हिरवा, हिरवा. आणि पडद्यावर यादी आली. चारशे बारा पुस्तकं, अ पासून.

"आली! काका, आली हो!" मी ओरडले. सुमनमावशीनं मला मिठीच मारली, हळदीच्या हातांनी.

काका हसत नव्हते. मान एका बाजूला कलती करून ते उभे होते. "पाचवी अडखळते आहे," ते म्हणाले.

मला काही ऐकू येईना. कान लावला तेव्हा कळलं. टक्. मग बराच वेळ काही नाही. टक्. तीसुद्धा काढताना नाही तर घालताना कुठंतरी आपटली असणार. डिस्कच्या आतून असा आवाज यायला लागला की तिचे तास भरलेले असतात.

 बदलीची डिस्क नागपूरहून यायला दोन दिवस. तोवर पेटी बंद करून ठेवावी तर पाचवी परत उठेल याचा भरवसा नाही. दोघी गेल्या की संपलंच, तिघींना दोघींचं सांगता येत नाही. आता सुरू आहे तोवर जमेल तेवढं टेबलावरच्या साध्या संगणकात उतरवून घ्यायचं, एवढंच हातात होतं. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं. दीड वाजता आमच्या भागातली लाइन जायची, त्या साली रोजच जायची. बॅटरीवर वीसेक मिनिटं निघाली असती. आणि चार डिस्कांवर पेटी रडतखडत चालते. हरवलेलीचा प्रत्येक तुकडा तिला उरलेल्या चौघींकडून हिशेब करून काढावा लागतो.

"काय काय निघेल?" काकांनी विचारलं.

"वीस-बावीस पुस्तकं. ज्यांची दुसरीकडे प्रत नाही तीच घ्यायची."

"आधी कमलिनीताईंचं घे."

माझा हात यादीवर होता. वाचकांच्या नावांत 'ध'पर्यंत गेलाही होता. धर्माळे. मी ते नाव बघत बसले. मोठं पुस्तक, तरी वीस मिनिटांचं काम होतं. वीस मिनिटांत ते पुस्तक माझं झालं असतं, कायमचं.

पण त्याच्या खाली परीक्षेच्या पुस्तकांचा वेगळा कप्पा होता. त्या वर्षी अभ्यासक्रम बदलला होता. अकरा मुलामुलींसाठी बी.ए.ची एकोणीस पुस्तकं आम्ही उन्हाळाभर वाचून घेतली होती. परीक्षा दिवाळीनंतर. दर्यापूरची बबिता तायडे दर गुरुवारी एसटीनं यायची, सहा तास एका जागी बसून ऐकायची आणि ब्रेलमध्ये टोचत राहायची. उद्या गुरुवारच होता.

"आधी परीक्षेची घेते," मी म्हटलं.

"बेटा, पोरांची परत वाचता येतील."

"महिन्याभरात? एकोणीस? कोण वाचणार? अर्धे वाचक गावाला गेलेत."

"तुझा हक्क आहे त्या एका पुस्तकावर. कुणी तुला नाव ठेवणार नाही."

"हक्क कसला, काका!" मी ओरडलेच त्यांच्यावर. "दोन वर्षं तुम्ही डीव्हीडी काढ म्हणत होता. मी काढल्या नाहीत. माझ्या आळसापायी त्या पोरीचं वर्ष घालवू? आई असती तर तिनंच मला थोबाडीत दिली असती."

 काकांनी खुर्ची ओढली आणि पाचव्या खणाच्या दांड्यावर हात ठेवून बसले, तापात पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मी पहिलं पुस्तक लावलं.

ते दोन तास मला अजून आठवतात. पडद्यावरची निळी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकायची. प्रत्येक टक् ला मी पट्टी थांबली का ते बघायची. काका मधूनच सांगायचे, "आहे अजून. दमली आहे, पण आहे." सुमनमावशीनं चहा आणला, तो तसाच गार झाला. सात झाली, अकरा झाली, पंधरा. एकोणिसावं संपलं तेव्हा एक वाजून बावीस मिनिटं झाली होती.

मी आईचं लावलं.

पट्टी हलली, पण पाचवी आता अडकत अडकतच देत होती. एक टक्का, दोन. एक वाजून एकोणतीस मिनिटं. "चल ना ग," मी म्हणत होते, पेटीला की आईला कोण जाणे. दीडच्या ठोक्याला लाइन गेली, पंखा थांबला, पेटी बॅटरीवर आली. त्या क्षणभराच्या गचक्यात टक्-टक्-टक् असं तीनदा लागोपाठ झालं.

काकांनी दांड्यावरून हात उचलला. "गेली," ते म्हणाले.

पडद्यावरची यादी एकदम कोरी झाली. पेटी पुन्हा टीं-टीं करायला लागली, आणि या वेळी ती बंद करायला मी उठले नाही. शेवटी सुमनमावशीनंच वायर काढली.

आईचं जे काही धड उतरलं होतं ते मी वाजवून बघितलं. प्रत्येक पुस्तकाच्या सुरुवातीला वाचक पुस्तकाचं नाव सांगतो, मग स्वतःचं. तेवढं आलं होतं. "वाचक, कमलिनी धर्माळे." मग पान उलटल्याचा आवाज, आणि पुढं काही नाही. एकोणीस सेकंद. मी ते चारदा ऐकलं आणि टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडले. इतकी वर्षं ऐकलं नाही ते नाहीच, आणि आता ऐकायचं म्हटलं तर उरलं नाही. मला आई पाहिजे होती हो, दुसरं काही नाही.

दोन्ही डिस्क पुण्याला पाठवल्या. अशी कामं करणाऱ्यांनी पंधरा दिवसांनी कळवलं की आतला पृष्ठभागच खरवडला गेला आहे, काही निघणार नाही. तोवर कॅसेटवाली जुनी पुस्तकं इकडून तिकडून जमा व्हायला लागली होती, बबिता येऊन अभ्यास करून जात होती, आणि मी प्रत्येक पुस्तकाच्या तीन प्रती करून तीन घरी ठेवायला लागले होते. आजही ठेवते.

दिवाळीच्या आधल्या आठवड्यात, एका दुपारी, काका माझ्या टेबलाशी आले. शर्टाच्या खिशातून एक कॅसेट काढली आणि हातातच धरून उभे राहिले.

"हे तुला द्यायचं नाही असं ताईंना वचन दिलं होतं मी," ते म्हणाले. "पुस्तक राहिलं असतं तर दिलंही नसतं. पण आता ते नाही. पंधरा दिवस विचार करतोय."

"काय आहे?"

"माझं काम काय, बेटा? नको ते कापायचं. कापलेलं फेकून द्यायचं असा नियम. ताईंचं मला फेकवेना. घरच्या जुन्या टेपवर उतरवून ठेवत गेलो."

वाचनाच्या बंद खोलीत मी एकटीच बसले. जुना टेपरेकॉर्डर लावला.

आधी खोकला. कोरडा, लांबलचक, संपतच नाही असा. मग आईचा आवाज, खरखरीत, "थांबवा जरा." पेल्याचा आवाज. "हं. 'त्या वळणावर' पासून परत घेते." चार शब्द, आणि पुन्हा खोकला. "परत." तीन शब्द. धाप. "परत घेते हं." असं किती तरी वेळ. एकेका वाक्यासाठी सहा-सहा वेळा. ते न अडखळता वाचलेलं पुस्तक असं बनलं होतं. चार शब्द इथले, तीन तिथले, मधला सगळा जीव काकांनी कापून बाजूला काढलेला. आणि तो सगळा आता माझ्या कानाशी होता.

मग काकांचा आवाज. "ताई, आज राहू द्या. घरी जाऊन पडा."

"घरी पडूनच असते." धाप. "ज्योत्स्ना काही विचारते, मी नुसता हात हलवते. चिडते बिचारी."

"मग बोला ना तिच्याशी."

"कशी बोलू? एक वाक्य सलग येत नाही. बोलले की तिला कळेल." बराच वेळ नुसता श्वास. "हे पुस्तक तिच्यासाठीच घेतलंय मी. पुढं कधी ऐकेल, तर मी तिला नीट बोलताना ऐकू येईन. इथं तुम्ही खोकला कापून टाकता हो, राजूरकर. घरी कोण कापणार?"

 टेप नुसती फिरत होती. मग खुर्ची सरकल्याचा आवाज.

"चार वाजले का? निघते. बाहेर बाकावर बसते मी. ती आत आली तर ऐकेल."

"तिला यायला पावणेपाच होतात, ताई. ऊन आहे बाहेर."

"असू दे. येईलच आता."

खट्कन कॅसेटची एक बाजू संपली. काचेपलीकडं काका भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी बोटानं काच वाजवली आणि दार ढकलून आत मान घालून म्हणाले, "दुसरी बाजू आहे अजून."

मी डोळे पुसले आणि कॅसेट उलटी घातली.